दसरा ते डिसेंबर: दिवाळीची सुट्टी सांभाळून पहिली १० किलोमीटरची रेस

पाऊस थांबला की पुण्यात पळणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो. १९८३ पासून होत आलेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, आणि तिच्या आगेमागे थंडीत छोट्या-मोठ्या रेस होत राहतात. नव्याने पळायला लागलेली बरीच माणसं पहिली रेस याच दिवसांत घेतात. तयारीच्या बरोबर मध्ये येते ती दिवाळी.

या सुट्टीत दोन गोष्टी होतात. काही जण दहा-बारा दिवस बूट पायात घालतच नाहीत. काही जण, ऑफिस बंद आहे आणि वेळ भरपूर आहे म्हणून, एरवीच्या दुप्पट पळतात. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या गटाची. आठवडाभर काहीच केलं नाही तरी दम फारसा कमी होत नाही. घसरण जाणवायला साधारण दोन आठवडे लागतात. याउलट एकदम वाढवलेलं अंतर पायांना झेपत नाही. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, पण हाडं आणि स्नायूबंध घट्ट व्हायला महिने लागतात. त्यामुळे आपल्याला वाटतं "अजून पळता येईल", आणि नडगी मात्र चार दिवसांनी दुखायला लागते. सुट्टीत जास्तीची मिळते ती झोप, आणि तीच घ्यायची. पळताना शरीर झिजतं, घडतं ते विश्रांतीत. किलोमीटर तेवढेच ठेवा.

हे सगळं लिहिताना डोळ्यासमोर असा वाचक आहे, ज्याला न थांबता चार-पाच किलोमीटर सावकाश पळता येतं आणि डिसेंबरात १० किलोमीटरची रेस करायची आहे. अजून तेवढं जमत नसेल तर तीन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं असं आलटून-पालटून करा आणि या वर्षी ५ किलोमीटरच्या रेसला नाव द्या. चाळिशी ओलांडली असेल, बीपी किंवा शुगर असेल, घरात कुणाला हृदयविकार असेल, तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवून या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं.

पायरी १: आज कुठे आहात ते बघा

दसऱ्याच्या आधी एकदा ३ किलोमीटर वेळ लावून पळा. सणस मैदानावर आणि बालेवाडीच्या क्रीडा संकुलात ४०० मीटरचा ट्रॅक आहे. सर्वांसाठी तो कधी खुला असतो ते आधी विचारून घ्या. सर्वांत आतल्या लेनमधून साडेसात फेऱ्या म्हणजे बरोबर ३ किलोमीटर. ट्रॅक मिळाला नाही तर सपाट, कमी वर्दळीचा कोणताही रस्ता चालेल, फक्त पुढच्या वेळीही तोच घ्या.

आधी दहा मिनिटं हळू पळून अंग गरम करा. पहिल्या दोन फेऱ्या मुद्दाम रोखून पळा, कारण नवखा माणूस पहिल्याच फेरीत सगळा जोर संपवतो आणि पाचव्या फेरीला चालायला लागतो. शेवटच्या दीड फेरीत काय उरलंय ते लावा.

आलेल्या वेळेला साधारण ३.६ ने गुणा. ३ किलोमीटरला १८ मिनिटं लागली असतील तर १० किलोमीटरला सुमारे ६५ मिनिटं, म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटं. पीट रीगल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९७७ साली मांडलेल्या सूत्रातून हा गुणाकार येतो. त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: लांब अंतराचा सराव तुम्ही केलेला आहे. तो नसेल तर हा आकडा गाठणं अवघड जातं. पुढचे आठवडे त्यासाठीच आहेत.

पायरी २: आठवडा लावून घ्या

चार दिवस पुरतात. मंगळवारी ५ किलोमीटर हलकं. गुरुवारी पुन्हा ५ हलकं आणि शेवटी चार वेळा १०० मीटर झपाट्याने, मध्ये चालत परत. शनिवारी ३ किलोमीटर किंवा नुसतं चालणं. रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब पळणं. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस घरीच पंधरा मिनिटं उठाबशा, प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर शरीर सरळ धरून ठेवणं) आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं. हा शेवटचा व्यायाम कंटाळवाणा आहे, पण पोटऱ्या आणि टाचेमागचा स्नायूबंध त्याने जितका सांभाळला जातो तितका दुसऱ्या कशाने नाही.

हलकं म्हणजे किती, यावर सगळं अवलंबून आहे. शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. "हो", "नाही", "अजून किती" एवढंच निघत असेल तर वेग जास्त आहे. वरच्या उदाहरणातल्या ६५ मिनिटंवाल्याचा हलका वेग किलोमीटरला साडेसात ते आठ मिनिटं असतो. एवढं हळू पळायची लाज वाटते, मागून आलेले काका पुढे निघून जातात. जाऊ द्या. हृदयाची ताकद, स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं, शरीराची चरबी जाळायची सवय हे सगळं याच वेगाला बांधलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तयार असतात.

लाँग रन दसऱ्याच्या आसपास ६ किलोमीटर, मग ७, मग ८. दिवाळीच्या रविवारी परत ६ वर या. त्यानंतर ८, आणि रेसच्या दोन रविवार आधी ९. पूर्ण १० सरावात पळायची गरज नाही. दिवाळी ऑक्टोबरात आली तर नंतर पाच-सहा आठवडे मिळतात, तेव्हा ८ आणि ९ एकदाच्या ऐवजी दोनदा करा. नोव्हेंबरच्या मध्यावर आली तर जेमतेम तीन आठवडे उरतात. अशा वर्षी अंतर दिवाळीच्या आधीच वाढवून घ्यायला हवं, म्हणजे गणपती उठले की सुरुवात.

बूटही आताच घ्या. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. दुकानात दहा पावलं पळून बघा. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला नवा जोड रेसच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही.

पुण्यात पळायचं कुठे

विद्यापीठाच्या आवारात झाडी आणि हलके चढ-उतार आहेत, नव्यांसाठी उत्तम. कॅम्पातला रेसकोर्सचा परिसर सपाट. तळजाईला मातीच्या वाटा आणि सावली. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता पहाटे साडेसहापर्यंतच पळण्यालायक असतात, नंतर धूर आणि गाड्या.

वेताळ टेकडीबद्दल मात्र थोडं सविस्तर. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा तिचा माथा शहरातला सर्वांत उंच भाग. एआरएआय, गोखलेनगर, पंचवटी, लॉ कॉलेज रस्ता अशा कुठूनही वर जाता येतं. माथ्यावर एकदा पोचलं की वेताळाच्या देवळापासून खाणीच्या तळ्यापर्यंत बऱ्यापैकी सपाट मातीची वाट आहे, सकाळी मोराचा आवाज येतो, आणि सांध्यांना डांबरापेक्षा आराम मिळतो. चढावर पळायचा हट्ट नको. झपझप चाला, हात मांडीवर टेकले तरी चालेल. श्वास तेवढाच लागतो. धोका उतारावर आहे. पावसाळा संपला की मुरूम सुटा होतो आणि बुटाखाली खडे घरंगळतात. उतरताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, नजर तीन-चार पावलं पुढे, आणि शरीर मागे झुकवायचं नाही. मागे झुकलं की टाच आधी टेकते आणि पाय सटकतो. अंधारात एकट्याने वर जाऊ नका, हे मी विशेषतः मुलींना सांगते, पण मुलांनाही. उजाडल्यावर टेकडी माणसांनी भरलेली असते, तेव्हा जावं.

रस्त्यावर पळताना उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं. अंधार असेल तर फिक्या रंगाचा टी-शर्ट आणि चमकणारी पट्टी. कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवा, चालायला लागा, डोळ्यांत न बघता पुढे जा. बहुतेक वेळा ती भुंकून थांबतात. चावलंच तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या.

पायरी ३: दिवाळीचा आठवडा

या आठवड्याचं वेळापत्रक वारावर बेतून चालत नाही, सणावर बेतावं लागतं. वसुबारस किंवा धनत्रयोदशीला सकाळी ५ किलोमीटर उरकून घ्या. नरक चतुर्दशीला पहाटे उठून अभ्यंगस्नान, नंतर फराळ, कुणाला दिवाळी पहाटेचा कार्यक्रम. त्या दिवशी सुट्टी. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पुन्हा हलके ४-५ किलोमीटर. काही वर्षी हे दोन दिवस एकत्र येतात, तेव्हा सकाळ सोडून द्या आणि आदल्या दिवशी पळा.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा धूर सर्वांत जास्त असतो, आणि थंड स्थिर हवेत तो पहाटेपर्यंत जमिनीलगत साचून राहतो. म्हणून पाडव्याची सकाळ पळण्यासाठी वर्षातल्या वाईट सकाळींपैकी एक. पळताना आपण आरामाच्या कित्येक पट हवा आत घेतो, तीही तोंडाने, त्यामुळे नाकातली गाळणी कामाला येत नाही. पाषाणच्या आयआयटीएम संस्थेची 'सफर' ही सेवा पुण्याच्या हवेचा निर्देशांक देते. माझा नियम सोपा आहे: १०० च्या आत असेल तर नेहमीसारखं, १०० ते २०० मध्ये हलकं आणि कमी, २०० च्या वर घरातच व्यायाम. दम्याचा त्रास असेल तर १०० च्या पुढेच थांबा. पाडव्याला दुपारी वारा सुटून हवा मोकळी झाली की तासभर चालून या. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर संध्याकाळी चार किलोमीटर जमले तर चांगलंच.

फराळ खाऊ नका असं मी कधीही सांगणार नाही. तो वर्षातून एकदा होतो आणि कुणीतरी मनापासून केलेला असतो. फक्त वेळ बघा. चकली, शेव, करंजी हे तळलेले पदार्थ पोटात बराच वेळ राहतात, त्यामुळे पळण्याच्या आधी तीन तास नकोत. लाँग रन करून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात बेसनाचा लाडू आणि ग्लासभर दूध यात साखरही आहे, प्रथिनंही आहेत. त्या वेळी शरीराला तेच हवं असतं. चिवड्या-चकलीच्या मिठाने तहान वाढते आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर एखादा किलो जास्त दिसतो. ते बहुतेक पाणी असतं. त्यासाठी जादा पळायला निघू नका.

आणि झोप. पाहुणे असतात, गप्पा एक-एक वाजेपर्यंत रंगतात, त्यात पहाटे उठून पळायचं ठरवलेलं असतं. सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर गजर बंद करा आणि संध्याकाळी पळा. दुपारी जेवणानंतर अर्धा तास डुलकी घ्यायची संधी नोकरी करणाऱ्याला वर्षात याच दिवसांत मिळते.

सुट्टीत घरचे सगळे मिळून सिंहगडावर जाण्याचा बेत हमखास ठरतो. जरूर जा, पिठलं-भाकरी खा, मडक्यातलं दही खा. पण आतकरवाडीच्या वाटेने चढून-उतरून आलात तर त्या आठवड्याचा लाँग रन झाला असं धरा. उताराने मांड्यांचे स्नायू ताणले जातात आणि ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो.

गावी गेलात तर

बूट बरोबर न्या, घड्याळातलं अंतर विसरा, वेळ मोजून पळा: वीस मिनिटं जायचं, वीस मिनिटं यायचं. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरकडे या दिवसांत उसाचा हंगाम सुरू होतो. ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्याची बाजू ओलांडून लोंबणाऱ्या उसासकट जातात आणि पुष्कळदा मागे दिवा नसतो. उजाडल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नका, कॅनॉलच्या कडेची वाट असेल तर ती धरा. कोकणात दमट हवेमुळे घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते. तिथे किलोमीटरला अर्धा मिनिट जादा लागला तर तो हवेचा हिशोब आहे.

पायरी ४: दिवाळी ते रेस

परतल्यावर पहिले तीन-चार दिवस फक्त हलकं पळा. मग गुरुवारच्या पळण्यात एक बदल करा: दहा मिनिटं हलकं, पंधरा मिनिटं जरा नेटाने, दहा मिनिटं हलकं. नेटाने म्हणजे तीन-चार शब्द बोलता येतील, वाक्य नाही. पुढच्या आठवड्यात पंधराची वीस मिनिटं करा. आठवड्यातून एवढं एकच जोरकस पळणं पुरे.

याच सुमारास सगळ्यांना आपण एकदम सुधारलो असं वाटायला लागतं. त्यात थोडं थंडीचं देणं असतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात शरीराला बरंचसं रक्त कातडीकडे पाठवून थंड राहावं लागतं. नोव्हेंबरच्या गारव्यात तेच रक्त पायांना मिळतं. म्हणून दसऱ्याचा आणि नोव्हेंबरअखेरचा वेग थेट शेजारी ठेवू नका. वहीत प्रत्येक पळण्यासमोर तीन गोष्टी लिहा: किती वेळ, बोलता येत होतं का, हवा कशी होती. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडीही लिहा. ती हळूहळू उतरत असेल तर प्रगती खरी आहे. ती अचानक नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त आली तर झोप कमी पडली आहे किंवा ताप येऊ घातला आहे, त्या दिवशी सुट्टी.

नुसती सर्दी असेल तर हलकं पळायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेल तर अजिबात नाही. नडगी लांबट भागात दुखत असेल तर तीन-चार दिवस थांबून पुन्हा हळू सुरू करा. हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी दुखत असेल आणि एका पायावर उडी मारल्यावर कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. रेस विसरून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.

पायरी ५: शेवटचे दहा दिवस आणि रेस

शेवटच्या दहा दिवसांत अंतर निम्म्यावर आणा, पण पळण्याचे दिवस तेवढेच ठेवा. गुरुवारचे चार झपाटे चालू ठेवा. टेकडीचा उतार बंद. शरीर जड वाटतं, पाय उगाच दुखतात असं भासतं. बहुतेकांना तसं होतं.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आधी घ्यावा लागतो. घेऊन सरळ घरी या, स्टॉलवर तीन तास फिरू नका. रात्री वरण-भात, मऊ खिचडी, दही असं साधं जेवण. मिसळ आणि तर्री रेसनंतर. बिब टी-शर्टला रात्रीच पिनांनी लावून ठेवा. सकाळी सुटण्याच्या दोन तास आधी एक केळं आणि चहा, सवय असेल तेवढंच. काखेत, मांड्यांच्या आत व्हॅसलीन. पहाटे रस्ते बंद होतात, म्हणून गाडी लांब लावून शेवटचा किलोमीटर चालत या. तेवढ्यातच अंग गरम व्हायला सुरुवात होते.

आता ६५ मिनिटांचा हिशोब. पहिले दोन किलोमीटर ६:४० च्या वेगाने. ढोल वाजत असतात, बाजूने माणसांचा लोंढा पुढे जातो, आणि इथेच बहुतेकांची रेस बिघडते. तिसऱ्यापासून आठव्या किलोमीटरपर्यंत ६:३०. आठ झाले तेव्हा घड्याळात ५२ मिनिटं २० सेकंद असतील. उरलेले दोन ६:२० ने आले की बरोबर ६५. पुलाचा चढ लागला तर वेग नाही, श्वास सारखा ठेवा. उतारावर गेलेले सेकंद परत मिळतात. १० किलोमीटरला पळताना ऊर्जेसाठी खातात ते जेल वगैरे काही लागत नाही. तहान लागली तर दोन घोट, ग्लास चिमटून प्या म्हणजे ठसका लागत नाही.

शेवटी घड्याळ १०.१ किंवा १०.२ किलोमीटर दाखवेल. अंतर चुकलेलं नसतं: प्रमाणित मार्ग वळणांच्या आतल्या, सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात, आणि आपण गर्दीत बाहेरून पळतो. निकालात चिपची वेळ बघा, म्हणजे तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची; बंदुकीची, म्हणजे रेस सुटल्यापासूनची नाही.

त्यानंतर

दहा मिनिटं चालत राहा, कोरडा टी-शर्ट घाला, पाणी आणि खायला घ्या. पुढचे तीन-चार दिवस फक्त चालणं, मग आठवडाभर हलकं. नाताळच्या सुट्टीपर्यंत पाय मोकळे झालेले असतात, तेव्हा ३ किलोमीटरची चाचणी पुन्हा घ्या.

पुढे अर्ध्या मॅरेथॉनचा विचार मनात येईलच. त्यासाठी लाँग रन १६-१७ किलोमीटरपर्यंत न्यावा लागतो, म्हणजे आणखी दहा-बारा आठवडे. जानेवारीत सुरुवात केली तर मार्चअखेर उजाडते आणि पुण्यात तेव्हा सकाळी आठलाच ऊन चटका द्यायला लागतं. माझ्या मते फेब्रुवारीत आणखी एक १० किलोमीटर करावं, उन्हाळ्यात आठवड्याला तीन दिवस टिकवावेत आणि अर्ध्या मॅरेथॉनला पुढच्या डिसेंबरात नाव द्यावं.